नूरुद्दीनच्या नावानं

एकोणऐंशी सालच्या श्रावणात भोरच्या आमच्या कचेरीत नूरुद्दीनच्या नावावर एक ठपका लिहिला जाणार होता. नूरुद्दीनला मस्कतला जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. चूक माझी होती. ती माझी आहे हे मला एकटीलाच कळलं होतं, आणि मी गप्प बसले असते तर दुसऱ्या कोणाला ते कधी कळलंही नसतं.

आमची कचेरी पावसाच्या नोंदी गोळा करायची. मुख्य संस्था पुण्याला, आणि भोरच्या बाजारपेठेत एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर दोन खोल्यांत शाखा. हिर्डोशी, भाटघर, आंबवडे या तीन ठिकाणी आमचे पर्जन्यमापक होते आणि चौथा वेल्ह्याच्या पलीकडे, केळदच्या वाटेवरच्या एका वाडीत. पत्र्याचा डबा, त्यात नरसाळं, नरसाळ्याखाली बाटली. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं आणि आकडा लिहायचा. आठवड्याचे सात आकडे एका पोस्टकार्डावर यायचे. भोरकडची कार्डं थेट पुण्याला जात. वेल्ह्याकडचं कार्ड माझ्या नावावर भोरला येई, कारण तिथं माप घेणाऱ्या साळूबाईंचं अक्षर फक्त मला लागायचं. दर गुरुवारी मी पहिल्या एसटीनं पुण्याला जायची आणि ते आकडे यंत्रात घालायची.

हो, यंत्रातच. संस्थेनं नुकताच परदेशातून कॉम्प्युटर आणला होता. त्यावर युनिक्स नावाची व्यवस्था चालायची. पडदा नव्हता. टंकयंत्रासारखं टेलिटाइप होतं, आपण टंकलेलं आणि यंत्रानं दिलेलं उत्तर दोन्ही एकाच लांब कागदावर उमटायचं. तो कागद फाडून घरी आणता येई. भोरला माझ्या खोलीत अशा कागदांची थप्पी होती. संध्याकाळी चूल पेटवून झाली की मी ते वाचत बसायची. शेजारणींना वाटायचं पत्रं आहेत. एवढी लांब पत्रं बाईला कोण लिहितं, म्हणून त्या एकमेकींकडं बघायच्या.

यंत्राची माहिती भोरात दोघांनाच होती, नूरुद्दीनला आणि मला. नूरुद्दीन भोरचाच, रहमतबींचा धाकटा मुलगा. गणितात माझ्या दोन वर्षं पुढं होता. आमची नोकरी एकाच कचेरीत, गुरुवारची एसटी एकच. तो ड्रायव्हरच्या मागे बसायचा, मी बायकांच्या बाकावर. कापूरहोळपर्यंत आम्ही एकमेकांकडं बघतही नसू, कारण गाडीत सगळं भोर असायचं. मी हिर्डोशीच्या बौद्धवाड्यातली, तो मुसलमान, दोघं बिनलग्नाचे. कात्रजचा घाट उतरला की तो मागे येऊन उभा राहायचा आणि काल जिथं बोलणं थांबलं होतं तिथून पुढं सुरू करायचा. त्याला मी कोणत्याच नावानं हाक मारत नसे. 'अहो' एवढंच.

पावसाच्या नोंदींची मुख्य फाईल त्याच्या नावावर होती. ती वाचायची परवानगी सगळ्यांना, लिहायची फक्त त्याला. मग आम्ही आकडे घालायचे कसे? त्यासाठी त्यानं एक प्रोग्राम लिहिला होता आणि सामायिक जागेत ठेवला होता. एकदा त्यानं मला त्या प्रोग्रामची ओळ छापून दाखवली. यंत्राच्या यादीत प्रत्येक फाईलच्या आधी परवानगीची अक्षरं येतात. वाचायला आर, लिहायला डब्ल्यू, चालवायला एक्स, आधी मालकासाठी, मग गटासाठी, मग बाकीच्यांसाठी. या प्रोग्रामला मालकाच्या एक्सच्या जागी एस होता.

"छपाईची चूक आहे का?" मी विचारलं.

"छे. ही खास परवानगी. एरवी प्रोग्राम जो चालवतो त्याच्या अधिकारानं चालतो. एस असला की मालकाच्या अधिकारानं चालतो. तुम्ही हा चालवलात की तो चालू असेपर्यंत यंत्र तुम्हाला नूरुद्दीन समजतं. माझ्या फाईलमध्ये तुम्हाला लिहू देतं. प्रोग्राम संपला की तुम्ही परत सगुणाबाई."

"म्हणजे काठी," मी म्हटलं.

"कसली काठी?"

मग मी त्याला वडलांचं सांगितलं. माझे वडील रखमाजी, गावचे तराळ. त्यांच्याकडं घुंगुरकाठी असायची. पाटलानं चावडीवर कोणाला बोलावलं की वडील ती काठी घेऊन निघायचे आणि मी मागं. चौसोपी घरासमोर, अंगणाच्या बाहेर उभे राहून ते म्हणायचे, "चावडीवर चला." आणि आतला माणूस जेवणाच्या ताटावरून उठायचा. कारण ते बोलणं वडलांचं नव्हतं, पाटलाचं होतं. काठी कोपऱ्यात ठेवली की त्याच माणसाच्या विहिरीवर आम्हाला पाणी नव्हतं. छप्पन्न सालानंतर आम्ही बौद्ध झालो, वडलांनी काठी चावडीत नेऊन ठेवली आणि परत उचलली नाही.

नूरुद्दीननं ती छापलेली ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाला, "आणि निरोपात चूक झाली तर?"

"तर मार वडलांना. एकदा पाटलानंच निरोप उशिरा दिला होता. तरी वडलांनाच."

पुढच्या गुरुवारी त्यानं प्रोग्राम बदललेला होता. आता प्रत्येक नोंदीच्या शेवटी, ती प्रत्यक्ष कोणी टंकली त्याचं नाव आपोआप पडायचं. यंत्र म्हणे दोन्ही गोष्टी लक्षात ठेवतं, अधिकार कोणाचा आणि माणूस कोण. "हुकूम माझा आणि हात तुमचा, दोन्ही दिसले पाहिजेत," तो म्हणाला. "चूक निघाली तर कोणाची ते कागदावर राहील." माझ्या वडलांच्या मारामुळं कोणी काही बदललेलं मी आयुष्यात ते एकदाच पाहिलं.

अशाच आणखी दोन खास परवानग्या त्यानं सांगितल्या. एक गटासाठी. तिसरी चिकट, ती लावली की प्रोग्रामचं काम संपलं तरी यंत्र त्याला हाताशीच ठेवतं, पुन्हा लागेल म्हणून. त्या मला कधी वापरायला लागल्या नाहीत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तो मस्कतला गेला. तिथल्या एका कंपनीत काम मिळालं होतं. शेवटच्या गुरुवारी तो म्हणाला, "यंत्रावरचं माझं खातं पुढं कधीतरी काढून टाकतील. प्रोग्राम आहे तिथंच असू द्या. त्याला हात लावू नका, तो चालत राहील. आणि यंत्र झालं म्हणालं तरी फाईल उघडून बघत जा." एवढंच. एसटी स्टँडवर त्याची आई, भाऊ, आळीतली सगळी माणसं होती. मी भाजी घ्यायला आल्यासारखी पलीकडं उभी होते.

त्यानंतर गुरुवारी कात्रज उतरला की मागं कोणी येऊन उभं राहत नसे. मला त्या प्रोग्रामची काळजी लागली. खातं काढलं की त्याच्या नावावरचं सगळंच पुसतील असं मनानं घेतलं. म्हणून पाच जुलैला मी त्या प्रोग्रामची एक प्रत माझ्या जागेत करून ठेवली. यादी छापून बघितली. एस होता. जिवाला बरं वाटलं. दर आठवड्याला नेहमीसारखं प्रोग्रामचं नाव टंकायची, साळूबाईंचे आकडे घालायची, शेवटी 'झालं' असा शब्द उमटायचा, की उठायची. फाईल उघडून एकदाही बघितली नाही.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी साळूबाई स्वतःच कचेरीत आल्या. वेल्ह्याहून नसरापूर, तिथून दुसरी गाडी, डोक्यावर घोंगडीची खोळ. जिना चढतानाच त्यांचा आवाज ऐकू आला.

"ह्यो कागद कुनी धाडला? साहेब कुठं हायेत?"

आमच्या शाखेच्या साहेबांनी चष्मा वर केला. "मी धाडला. बसा."

"बसाया न्हाई आले. म्हनं जुलैत माज्याकडं पाऊसच न्हाई! म्हनं डबा परत द्या! अवो, जुलैत आमच्याकडं कोंबड्यांना बी इरली लागत्यात. तुमचं यंतर काय वाळवंटातनं आनलंय व्हय?"

"बाई, नोंदच नाही. सबंध महिना कोरा आहे. माणूस घरी बसून राहिला की असं होतं."

"कोन घरी बसलं? म्या? मास्तरांच्या घड्याळावर रोज साडेआठाला डब्याम्होरं उबी असते. ताप व्हता तवा बी गेले. नातीच्या बारशाच्या दिशी बी गेले." मग त्या माझ्याकडं वळल्या. "सगुने, तू का गप? तुला कार्डं मिळाली का न्हाई?"

"मिळाली, मावशी. पाचही मिळाली." मी कपाटातून कार्डं काढून साहेबांपुढं ठेवली. एकशे चार, सत्त्याऐंशी, एकशे बत्तीस. अजून मला काही कळलं नव्हतं. मी तर ते आकडे स्वतः घातले होते.

साहेबांनी कार्डं उलटीपालटी केली. माणूस वाईट नव्हता. कटकट नको एवढंच त्यांचं म्हणणं असायचं. "म्हणजे बाईंनी माप घेतलं, तुम्ही टंकलं, आणि यंत्रात नाही. मग दोष प्रोग्राममध्ये. तो नूरुद्दीनचा. झालं तर!" त्यांना मोकळं वाटलेलं दिसलं. "पुण्याला तसा अहवाल देतो. त्याचं पत्रही आलंय, मस्कतच्या कंपनीला अनुभवाचा दाखला हवाय. त्यातही हे लिहावं लागेल."

"दाखल्यात?" मी म्हटलं.

"मग? महिन्याचा पाऊस गेला, बाई. कोणावर तरी टाकायला नको? तो काय मस्कतहून भांडायला येतोय?"

साळूबाईंनी तोंड उघडलं. "कोन, आमचा डबा बसवाया आला व्हता त्यो पोरगा? त्यानं तीन डाव सपाटी मापली, पानी घालून. मंग म्हनला, मावशी, आता वाकडा पाऊस पडला तरी सरळ मोजल. त्यो चुकनार न्हाई."

"तुमचा डबा राहील, मावशी. या तुम्ही," साहेब म्हणाले.

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. गाडीत चढताना त्या म्हणाल्या, "तू लई वाळलीस गं. जेवतीस का?" मी हो म्हटलं.

नऊ ऑगस्टच्या गुरुवारी मी पुण्याला गेले ती प्रोग्राममधला दोष शोधायला. खरं सांगायचं तर तो सापडू नये म्हणून. यंत्राच्या खोलीत रामभाऊ असायचे. तेही मूळचे भोरचे, पण पुण्यातच स्थायिक. भाटघर, हिर्डोशी, आंबवड्याचे आकडे तेच घालायचे.

"या बाई. तुमचे गुरू गेल्यापासून यंत्रालासुद्धा करमत नाही," ते म्हणाले. "पंखा लावला की उसासे टाकतं."

"रामभाऊ, तुमच्या जुलैच्या नोंदी आहेत फाईलमध्ये?"

"आहेत की. तिन्ही ठिकाणच्या. का?"

एकाच प्रोग्रामनं त्यांच्या नोंदी जातात आणि माझ्या जात नाहीत. मी टेलिटाइपवर बसले आणि दोन्ही प्रोग्रामांची यादी मागितली, सामायिक जागेतल्या आणि माझ्या जागेतल्या. कागदावर एकाखाली एक दोन ओळी उमटल्या. परवानगीची अक्षरं अगदी सारखी. दोन्हींत एस. पुढच्या रकान्यात मालकाचं नाव होतं. वरच्या ओळीत नूरुद्दीन. खालच्या ओळीत मी.

प्रत करणाऱ्याच्या नावावर प्रत होते. एवढी साधी गोष्ट. एस म्हणजे मालकाच्या अधिकारानं चालणं, आणि माझ्या प्रतीची मालकीण मी. ती प्रत यंत्राला सांगत होती की ही सगुणा आहे, आणि सगुणाला त्या फाईलमध्ये लिहायची परवानगी नव्हती. माझ्या जागेत त्याच नावाचा प्रोग्राम आहे म्हटल्यावर यंत्र आधी तोच उचलत होतं. महिनाभर मी साळूबाईंचा पाऊस बंद दारावर ओतत होते. दार बंद आहे हे प्रोग्राम सांगत नव्हता, एवढी त्रुटी मात्र नूरुद्दीनचीच होती. पण तो म्हणालाच होता, फाईल उघडून बघा म्हणून. आणि हात लावू नका म्हणूनही.

मी एस बघितला होता. त्याच्या पलीकडचं नाव वाचलं नव्हतं. मला वाटलं होतं, अक्षर आलं म्हणजे माणूसही आला.

"काय सापडलं?" रामभाऊ मागून डोकावले. त्यांनी दोन्ही ओळी वाचल्या. रोज यंत्रावर बसणारा माणूस, त्यांना कळायला वेळ लागला नाही. त्यांची थट्टा थांबली. "बाई, ती प्रत पुसून टाका. आकडे मी घालतो, माझं नाव पडेल. साहेबांनी काय ठरवलंय ते ठरवू द्या. नूरुद्दीन तिकडं सुखात आहे. तुम्ही हंगामी."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी हंगामी होते. गावाकडं आई एकटी. आणि गुरुवार गेला असता तर माझ्याकडं भोरमधली खोली आणि भांड्यांच्या दुकानाच्या ठोक्यांचा आवाज, एवढंच उरलं असतं. मी प्रत पुसली. खुर्चीवरून उठलेही. रामभाऊ बसायला पुढं आले.

"नको," मी म्हटलं. "मीच घालते."

पहिल्या प्रोग्रामनं, नूरुद्दीनच्या, मी एकतीस दिवसांचा पाऊस घातला. घाई केली नाही. मग फाईल उघडली आणि वाचली. एकतीस ओळी. प्रत्येक ओळीच्या शेवटी माझं नाव आणि त्या दिवसाची तारीख, नऊ ऑगस्ट. जुलैचा पाऊस ऑगस्टमध्ये का घातला, असं कोणीही विचारलं असतं. शेऱ्याच्या जागी मी लिहिलं, प्रोग्रामची प्रत माझ्याकडून चुकीनं वापरली गेली. यादीच्या दोन ओळींचा तो कागद फाडून पिशवीत ठेवला.

परतीच्या गाडीत मला सारखं वाटत होतं की तो कागद अजून खिडकीतून टाकता येईल. शेरा काही साहेब बघणार नव्हते, त्यांना यंत्र वाचता येत नव्हतं. कापूरहोळला गाडी थांबली, तोवर मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद साहेबांपुढं ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी अर्धवट टंकलेला अहवाल बाजूला सारला.

"हे तुम्ही आज का सांगताय?"

"काल कळलं."

"आणि प्रत कशाला केली होतीत?"

याचं उत्तर मी रात्रभर शोधलं होतं. "प्रोग्राम जाईल अशी भीती वाटली."

"प्रोग्राम?" ते माझ्याकडं थोडा वेळ बघत राहिले. मग नजर खाली नेली. "बाई, तुमच्या वयाला... असो. एवढ्यासाठी स्वतःचं नाव खराब करून घेतलंत. त्याला कळणारही नाही."

"दाखल्यात ते लिहू नका, साहेब."

"आता कसं लिहिणार?" ते चिडून म्हणाले. "पण तुमचा गुरुवार बंद. कार्डं रामभाऊंकडं पाठवा. अक्षर लागत नसेल तर ते साळूबाईंना विचारतील."

दाखला स्वच्छ गेला. मीच टंकला, दोन प्रती. 'कामात चोख' हे शब्द साहेबांचे होते, मी घातलेले नाहीत. सप्टेंबरमध्ये मस्कतहून साहेबांच्या नावानं आभाराचं पत्र आलं. त्यात कचेरीतल्या सर्वांना सलाम होता. सर्वांमध्ये मीही असणार. साळूबाईंना साहेबांनी एका ओळीचं पत्र धाडलं, पूर्वीचं पत्र रद्द समजावं म्हणून. त्यांचं कार्ड त्यानंतरही माझ्याच नावावर येत राहिलं. कोपऱ्यात एकदा लिहिलं होतं, जेवत जा.

अडीच महिने मी गुरुवारी भोरलाच बसले. सकाळची पहिली गाडी खिडकीखालून जायची. तिचा आवाज आला की मी मुद्दाम कपाट आवरायला घ्यायची.

दिवाळीनंतर रामभाऊंना साळूबाईंचं अक्षर काही केल्या लागेना. सात आणि एकमधला फरक त्यांना कळत नव्हता. वैतागून त्यांनी साहेबांना लिहिलं आणि माझा गुरुवार मला परत मिळाला.

यंत्राच्या खोलीत काही बदललं नव्हतं. रामभाऊ म्हणाले, "परवाच नूरुद्दीनचं खातं काढलं. वरून हुकूम आला."

"प्रोग्राम?"

"आहे की. बघा."

मी यादी मागितली. ओळ उमटली. एस होता. पुढच्या रकान्यात, जिथं नूरुद्दीनचं नाव असायचं, तिथं चौदा हा आकडा होता. नुसता चौदा.

"यंत्राला नावं कळत नाहीत, बाई," रामभाऊ म्हणाले. "त्याला नंबरच ठाऊक. नाव आपल्यासाठी वेगळ्या यादीत लिहिलेलं असतं. त्या यादीतून तो गेला, की नंबर उरतो. काम चालतं."

तो म्हणालाच होता, चालत राहील. मी उगीच घाबरले होते. काहीच पुसलं जाणार नव्हतं, फक्त ते कोणाचं होतं हे सांगणारं कोणी उरणार नव्हतं.

त्या आठवड्यात वेल्ह्याला पाऊस नव्हता. साळूबाईंनी कार्डावर सात शून्यं काढली होती, एकेक गोल नीट मिटवून. मी प्रोग्राम चालवला आणि ती सातही घातली. तेवढा वेळ यंत्र मला चौदा समजत होतं. मग 'झालं' उमटलं. मी उठले नाही. फाईल उघडली आणि वाचली. सात ओळी होत्या, प्रत्येकीच्या शेवटी माझं नाव.